गांडुळांचे अंथरूण आणि त्यातून झिरपणारे पाणी

एकाच गोठ्यातले शेण आणि एकाच बेडमधली गांडुळे घेऊन एकाच दिवशी गांडूळ खताचे दोन ड्रम भरले, पण एकात भाताचा पेंढा आणि दुसऱ्यात नारळाच्या काथ्याचा भुसा अंथरला, तर दीड-दोन महिन्यांनी तोट्यांखाली जमणारे पाणी सारखे नसते. काथ्याच्या ड्रममधले पाणी बहुधा काढ्यासारखे गडद असते आणि पेंढ्याच्या ड्रममधले त्या मानाने फिकट. पिकासाठी हे पाणी विकत घेणारा साहजिकच गडद बाटली उचलतो. पण पिकाला हवे असलेले नायट्रेट आणि पालाश (पोटॅशियम) पाण्यात विरघळले की त्यांना रंगच नसतो. रंग येतो तो टॅनिन, ह्युमिक आम्ले आणि त्यांच्यासारख्या मोठ्या सेंद्रिय रेणूंमुळे. गडद पाणी वाईट असते असे नाही, मात्र केवळ रंगावरून त्यात अन्नद्रव्य किती आहे हे कळत नाही. ते कळायचे असेल तर तळाशी काय अंथरले होते, याकडे पाहावे लागते.

गांडूळ खताच्या बेडमध्ये शेणाबरोबर जो काडीकचरा, पाचट, कुटार, पालापाचोळा किंवा कागद घातला जातो, त्याला या लेखात अंथरूण म्हटले आहे. शेण हे गांडुळाचे खाद्य आणि अंथरूण हे त्याचे घर, अशी ढोबळ विभागणी केली जाते. ती सोयीची आहे, पण अपुरी आहे, कारण हे घर गांडूळ हळूहळू खाऊनही टाकते. अंथरुणातला जो भाग पहिल्या महिन्यात केवळ हवा खेळती ठेवत होता, तोच तिसऱ्या महिन्यात खताचा भाग झालेला असतो. म्हणूनच अंथरुणाची निवड ही केवळ गांडुळांच्या सोयीची बाब नसून खताच्या घटकांची बाब आहे.

महाराष्ट्रात खतासाठी प्रामुख्याने आयसेनिया फेटिडा आणि युड्रिलस युजेनी या जाती वापरल्या जातात. दोन्ही जाती जमिनीच्या वरच्या थरात, कुजणाऱ्या पदार्थांत राहणाऱ्या आहेत. त्यांना दात नाहीत. काड मऊ पडल्याशिवाय त्या ते खाऊ शकत नाहीत आणि काड मऊ करण्याचे काम बुरशी व जिवाणू करतात. गांडूळ त्या मऊ झालेल्या पदार्थाबरोबर हे सूक्ष्मजीवही गिळते, पोटातल्या पेषणीत सगळे दळते आणि विष्ठेच्या रूपाने बारीक, सूक्ष्मजीवांनी भरलेला माल बाहेर टाकते. या साऱ्या प्रवासात स्फुरद (फॉस्फरस) किंवा पालाश नव्याने तयार होत नाही. अंथरुणात आणि शेणात जे नव्हते ते खतात येत नाही, आणि खतात जे आहे ते सगळे पाण्यात उतरत नाही. या लेखातला बाकीचा तपशील या दोन गोष्टींचाच विस्तार आहे.

तरीही गांडूळ खताच्या तपासणीत नत्राचे (नायट्रोजनचे) प्रमाण सुरुवातीच्या मिश्रणापेक्षा जास्त दिसते, ते कसे? याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. समजा, 10 किलो पेंढा आणि कोरडे वजन 20 किलो भरेल इतके शेण घेतले. पेंढ्यात 40 टक्के कर्ब (कार्बन) आणि 0.5 टक्के नत्र धरले, तर 4 किलो कर्ब व 50 ग्रॅम नत्र झाले. शेणात 36 टक्के कर्ब आणि 1.5 टक्के नत्र धरले, तर 7.2 किलो कर्ब व 300 ग्रॅम नत्र झाले. एकूण 30 किलो मिश्रणात 11.2 किलो कर्ब आणि 350 ग्रॅम नत्र, म्हणजे नत्र 1.2 टक्क्यांच्या आसपास आणि कर्ब-नत्र गुणोत्तर 32. कुजताना सूक्ष्मजीव आणि गांडुळे श्वासोच्छ्वास करतात व त्यात निम्मा कर्ब कार्बन डायऑक्साइड होऊन उडून गेला, तर मालाचे वजन 18 किलोच्या आसपास उतरते. नत्र अजिबात वाया गेले नाही असे मानले, तर तेच 350 ग्रॅम नत्र आता 18 किलोत आहे, म्हणजे जवळजवळ 1.9 टक्के. नत्र वाढले नाही, ढीग आटला. बासुंदी आटवताना साखर न घालताही गोडी वाढते, तसाच हा प्रकार आहे.

या हिशेबात एक चूक सर्रास होते. ताज्या शेणात सुमारे 80 टक्के पाणी असते, त्यामुळे वर धरलेले 20 किलो कोरडे शेण म्हणजे प्रत्यक्षात 100 किलो ओले शेण. पेंढा मात्र जवळजवळ कोरडाच असतो. ‘एक भाग काड, दोन भाग शेण’ हे वाचून कोणी 10 किलो पेंढ्याला 20 किलो ओले शेण घातले, तर कोरडे शेण केवळ 4 किलो पडते आणि गुणोत्तर 32 वरून 49 च्या आसपास जाते. असा बेड महिनोन्‌महिने तसाच पडून राहतो, काड पिवळेच दिसते आणि दोष मात्र गांडुळांच्या जातीला दिला जातो.

गुणोत्तर 25 ते 35 च्या दरम्यान असले की सूक्ष्मजीवांना कर्ब आणि नत्र यांचा मेळ बसतो. कर्ब फार जास्त असेल, तर उपलब्ध नत्र सूक्ष्मजीव स्वतःच्या शरीरात बांधून ठेवतात. खतात ते असते, पण पिकाला आणि पाण्याला मिळत नाही. नत्र फार जास्त असेल, तर ते अमोनियाच्या रूपाने उडते. गांडुळे कातडीने श्वास घेतात, त्यामुळे अमोनियाची त्यांना फार बाधा होते. बेडमधून डोळ्यांना झोंबणारा वास येऊ लागला की ती कडेला किंवा वर सरकलेली दिसतात. कोवळा गिरिपुष्पाचा पाला किंवा कोंबड्यांची विष्ठा एकदम घातल्यावर बहुधा हेच घडते.

गुणोत्तराइतकेच, किंबहुना द्रवाच्या बाबतीत त्याहून अधिक महत्त्व अंथरुणाच्या पोताला आहे. बेडमध्ये 60 ते 70 टक्के ओलावा लागतो आणि त्याच वेळी हवाही खेळती लागते. या दोन्ही गरजा एकत्र भागवायच्या तर अंथरुणात बारीक भाग पाणी धरणारा आणि जाड भाग पोकळी राखणारा असा दोन्ही प्रकारचा माल हवा. हवा असेल तर सेंद्रिय नत्रापासून आधी अमोनियम आणि मग जिवाणूंच्या कामामुळे नायट्रेट तयार होते. नायट्रेट पाण्यात सहज विरघळते आणि मातीच्या किंवा ह्युमसच्या (पूर्ण कुजलेल्या सेंद्रिय पदार्थाच्या) कणांना चिकटून राहत नाही, त्यामुळे ते झिरपणाऱ्या पाण्याबरोबर खाली येते. अंथरूण दबून चिखल झाला, तर उलटी क्रिया सुरू होते. प्राणवायू नसलेल्या जागी काही जिवाणू नायट्रेटचे वायूत रूपांतर करतात आणि ते हवेत निघून जाते. म्हणजे दोन बेडमध्ये नत्र तेवढेच घातले असताना भुसभुशीत बेडच्या पाण्यात नायट्रेट सापडेल आणि दबलेल्या बेडच्या पाण्यात आंबूस वास.

आता प्रत्यक्ष पदार्थांकडे वळू. भाताचा पेंढा कोकणात, मावळात आणि पूर्व विदर्भात मुबलक मिळतो. भाताच्या पिकाने जमिनीतून उचललेल्या नत्रापैकी सुमारे 40 टक्के पेंढ्यात राहते, पण पालाशपैकी 80 ते 85 टक्के पेंढ्यातच राहतो. शिवाय पालाश हा वनस्पतीच्या पेशींत कोणत्याही मोठ्या रेणूत बांधलेला नसतो; तो पेशीरसात विरघळलेला असतो. पेशी फुटली की तो मोकळा आणि पाणी मिळाले की तो वाहता. त्यामुळे पेंढ्याच्या बेडमधून निघणारे पाणी फिकट दिसले तरी त्यात पालाश चांगला असू शकतो. मात्र तोच पेंढा उडवी न झाकता पावसाळाभर भिजला असेल, तर पालाश बेडमध्ये येण्याआधीच अंगणात वाहून गेलेला असतो. अशा पेंढ्याने हवा खेळती राहील, पालाशाची अपेक्षा ठेवू नये. पेंढ्यात सिलिका भरपूर असल्याने तो लवकर मऊ पडत नाही. 5 ते 8 सेंटिमीटरचे तुकडे करून शेणकाल्यात रात्रभर भिजवल्यास फरक पडतो. भाताचे तूस मात्र वेगळे. त्यात सिलिका इतकी असते की ते वर्षभरातही फारसे कुजत नाही. पोकळी राखण्यासाठी थोडे घालावे, खत म्हणून त्याचा हिशेब धरू नये.

उसाचे पाचट हेक्टरी 8 ते 10 टन निघते आणि त्यातले बरेच अजूनही जाळले जाते. पानांवरच्या मेणचट थरामुळे त्यावर नुसते पाणी मारले तर ते ओघळून जाते, आणि वरून ओला दिसणारा बेड आतून कोरडा राहतो. शिवाय त्यात नत्र फार कमी असते, त्यामुळे शेणाचे प्रमाण पेंढ्यापेक्षाही जास्त ठेवावे लागते. कारखान्याच्या परिसरात पाचटाबरोबर प्रेसमड, म्हणजे रस स्वच्छ करताना उरणारा गाळ, वापरण्याची रीत आहे आणि ती योग्यच आहे, पण ताजा प्रेसमड खूप तापतो व त्यात मेण असते. तो काही आठवडे पसरून, उलथापालथ करून थंड झाल्यावरच गांडुळांना द्यावा. प्रेसमडचे उदाहरण आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे. उसाचा रस स्वच्छ करताना चुना वापरला जातो आणि रसातला स्फुरद चुन्याशी बांधला जाऊन या गाळात येतो. त्यामुळे प्रेसमड घातलेल्या खताच्या तपासणी अहवालात स्फुरद चांगला दिसतो, पण चुन्याशी बांधलेला स्फुरद पाण्यात सहज विरघळत नाही. ते खत मातीत मिसळले, तर मुळे आणि सूक्ष्मजीव आपल्या आम्लांनी तो हळूहळू सोडवून घेतील. त्याच बेडमधले पाणी पानांवर फवारून मात्र तो फारसा मिळणार नाही. खताचा अहवाल दाखवून द्रव विकणाऱ्याला हा प्रश्न जरूर विचारावा.

काथ्याच्या भुशाबद्दल, म्हणजे बाजारात ज्याला कोकोपीट म्हणतात त्याबद्दल, थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण शहरातल्या बाल्कनीतल्या डब्यांत हल्ली तोच सर्वाधिक अंथरला जातो. तो स्वच्छ असतो, विटेच्या आकारात मिळतो आणि स्वतःच्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरतो. पण त्यात लिग्निन (लाकडाला कठीणपणा देणारा, सहज न कुजणारा घटक) खूप असते आणि नत्र अत्यल्प, त्यामुळे गांडुळांच्या दृष्टीने तो खाद्य नसून निव्वळ गादी आहे. तो कुजवायचाच असेल तर तमिळनाडू कृषी विद्यापीठाने सुचवलेली, धिंगरी अळंबीची बुरशी वापरून लिग्निन आधी फोडण्याची पद्धत आहे. गांडुळांच्या भरवशावर ते होत नाही. त्याची दुसरी अडचण मिठाची. नारळ समुद्रकाठी वाढतो, सोडणे, म्हणजे नारळावरची काथ्याची साले, बऱ्याचदा मचूळ पाण्यात भिजत घातली जातात, आणि त्यातून भुशात सोडियम, पालाश व क्लोराइड साठतात. न धुतलेली वीट भिजवून थेट डब्यात घातली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी गांडुळे झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटलेली सापडतात. अशा वेळी झाकण घट्ट लावण्याचा सल्ला दिला जातो, तो अर्थातच चुकीचा आहे.

धुण्यानेही सगळे मीठ जात नाही. काथ्याच्या कणांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो आणि सोडियमचे काही धनभारित कण (आयन) तिथे चिकटून बसतात. साध्या पाण्याने मोकळे मीठ निघते, चिकटलेले राहते. पुढे शेणातून कॅल्शियम आला की तो त्या जागा घेतो आणि सोडियमला हुसकावून पाण्यात ढकलतो. म्हणजे भुसा धुतलेला असूनही काही आठवड्यांनी गोळा केलेल्या द्रवात सोडियम दिसू शकतो. पॉलिहाउसमध्ये कोकोपीटवर पीक घेणारे शेतकरी लागवडीपूर्वी कॅल्शियम नायट्रेटच्या द्रावणाने भुसा धुतात, ते याच कारणाने. गांडुळांच्या डब्यासाठी इतके करण्याची गरज नाही. भुसा दोन-तीनदा भरपूर पाण्यात भिजवून पिळावा, एकूण अंथरुणात त्याचे प्रमाण एक तृतीयांशाच्या वर जाऊ देऊ नये आणि पहिल्या काही आठवड्यांचे पाणी कुंडीतल्या नाजूक रोपांना न घालता मोठ्या झाडांच्या बुंध्यापासून दूर ओतावे, इतके माझ्या मते पुरेसे आहे.

लाकडाच्या भुशात कर्ब-नत्र गुणोत्तर 200 ते 500 पर्यंत असते, म्हणून तो मूठभरच वापरावा. सागाच्या लाकडाला सहसा वाळवी लागत नाही, कारण त्यात कीटकांना आणि बुरशीला नकोशी द्रव्ये असतात; ज्या बुरशीच्या जोरावर गांडुळे जगतात तिलाच हा भुसा मारक ठरतो. प्लायवुडचा भुसा डिंकामुळे पूर्णपणे वर्ज्य. कागद आणि पुठ्ठा चालतात, फक्त गुळगुळीत रंगीत पाने नकोत. कागदातून अन्नद्रव्य काहीच येत नाही, त्यामुळे त्याच्या बेडमधले पाणी पूर्णपणे स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर अवलंबून असते. जळगावकडे केळीचे खुंट चिरून घातले जातात; ते पालाशाने समृद्ध असले तरी त्यांत पाणी इतके असते की सोबत कोरडे काड नसेल तर बेडचा राबडा होतो. सोयाबीनचे कुटार हे मला सर्वांत समतोल अंथरूण वाटते. ते शेंगवर्गीय पिकाचे असल्याने त्यात गवताच्या काडापेक्षा नत्र जास्त असते, ते बारीक असूनही दबत नाही आणि मळणीनंतर विदर्भ-मराठवाड्यात शेतातच उपलब्ध असते.

अंथरुणातून आणखी एक गोष्ट येते, ती म्हणजे तणांचे बी. गांडुळांना 35 अंशांच्या वरचे तापमान सोसत नाही, त्यामुळे गांडूळ खताचा बेड थंडच ठेवावा लागतो, आणि थंड बेडमध्ये बी मरत नाही. म्हणूनच गाजरगवत वापरायचे तर फुलावर येण्याआधीचे वापरावे, आणि काडात तण असेल तर शेणाबरोबर त्याचा ढीग लावून 10 ते 15 दिवस तापू द्यावा. ढीग 55 अंशांच्या वर गेला की बहुतेक बी आणि रोगजंतू नष्ट होतात. तो थंड झाल्यावर गांडुळे सोडावीत.

आता पाण्याविषयी. एकाच नावाने तीन वेगळे द्रव विकले आणि वापरले जातात, आणि बहुतेक गोंधळ तिथूनच होतो. पहिला द्रव म्हणजे बेडला जास्त पाणी झाल्यामुळे तळाशी साचलेली गळती. ती अर्धवट कुजलेल्या शेणातून आणि अंथरुणातून आलेली असते, बऱ्याचदा हवेविना साचून राहिलेली असते आणि तिच्यात शेणातले रोगजंतू असू शकतात. दुसरा द्रव म्हणजे व्हर्मिवॉश. चेन्नईच्या सुलतान इस्माईल यांनी लोकप्रिय केलेल्या पद्धतीत ड्रमच्या तळाशी खडी व वाळूचे थर, त्यावर माती, शेण आणि काड, त्यात गांडुळे, आणि वर टांगलेल्या माठातून रात्रभर थेंब थेंब पाणी, अशी रचना असते. हे पाणी गांडुळांच्या बिळांतून, त्यांच्या विष्ठेवरून आणि शरीरस्रावांवरून सावकाश येते आणि वाळूतून गाळले जाते. तिसरा द्रव म्हणजे तयार, चाळलेले खत पाण्यात भिजवून, कधी पंपाने हवा सोडून, काढलेला अर्क.

अंथरुणाचा परिणाम तिन्हींवर सारखा होत नाही. गळतीवर तो सर्वांत जास्त आणि सर्वांत कच्च्या स्वरूपात दिसतो: काथ्याचे मीठ, पानांचे टॅनिन, केळीचा पालाश, जे काही लवकर विरघळते ते सगळे. व्हर्मिवॉशमध्ये थरांची रचना आणि पाण्याचा वेगही महत्त्वाचा ठरतो. काड दबले तर पाणी एखाद्याच वाटेने सरळ खाली धावते आणि बाकीच्या बेडला स्पर्शही करत नाही. थेंब थेंब पाणी देण्यामागे हेच टाळण्याचा हेतू आहे. तयार खताच्या अर्कात अंथरुणाचा ठसा सर्वांत सौम्य असतो, कारण तोपर्यंत काडाचे ह्युमस झालेले असते आणि सहज विरघळणारे बरेच काही आधीच वाहून गेलेले असते. इथे एक व्यवहाराची गोष्ट आहे. ज्या बेडमधून महिनोन्‌महिने पाणी काढले, त्या बेडच्या खतात पालाश आणि नायट्रेट तितके कमी राहणार. दोन्ही भरपूर मिळतील असे सांगणारा हिशेब चुकतो.

अर्कात गूळ घालून जिवाणू वाढवण्याचा प्रघात आहे. गूळ चांगल्या-वाईटातला भेद करत नाही. शेण कच्चे असेल तर आतड्यांत राहणारे घातक जिवाणूही त्यावर वाढतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय सेंद्रिय मानक मंडळाने नेमलेल्या गटानेही 2004 च्या अहवालात, अशी साखरयुक्त भर घालून केलेल्या अर्काबाबत हीच सावधगिरी सुचवली होती. कोथिंबीर, पालक, काकडी अशा कच्च्या किंवा जवळजवळ कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांच्या पानांवर गळती किंवा गुळाचा अर्क फवारू नये. मातीत, तेही काढणीच्या बरेच आधी द्यावा.

घरच्या घरी तपासणी करायची असेल, तर विद्युत वाहकता मोजणारे लहान मीटर उपयोगी पडते. द्रवात क्षार किती आहेत हे ते सांगते. ते क्षार पालाशाचे की सोडियमचे, हे सांगत नाही. म्हणून आधी वापरलेल्या पाण्याचे वाचन घ्यावे. मराठवाड्यात किंवा सोलापूरकडे बोअरचे पाणी मुळातच क्षारयुक्त असेल, तर द्रवाचे मोठे वाचन बेडचे नसून बोअरचे असते. मीटर नसेल, तर हळिवाचे किंवा मुगाचे बी हेच मीटर. तीन बश्यांत टिपकागद ठेवून प्रत्येकीत 10 बिया टाकाव्यात. एकीला साधे पाणी, दुसरीला 10 पट पाणी घातलेला द्रव आणि तिसरीला 20 पट पाणी घातलेला द्रव द्यावा. तीन-चार दिवसांनी किती बिया रुजल्या याच्याबरोबर मुळांची लांबीही मोजावी, कारण क्षारांचा आणि कच्च्या आम्लांचा त्रास बी रुजण्यापेक्षा मुळाच्या वाढीत आधी दिसतो. दुसऱ्या बशीतली मुळे साध्या पाण्यापेक्षा आखूड आणि टोकाला तपकिरी असतील, पण तिसरीतली ठीक असतील, तर द्रव 20 पट पाण्यातूनच द्यावा. तिसरीतलीही आखूड असतील, तर तो द्रव शेणखताच्या ढिगावर ओतावा आणि पुढचा बेड भरताना काड बदलावे.